धुराची शिदोरी

शिकागो म्हणा, टोरांटो म्हणा, उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही थंड शहरात घराच्या तळघरात घर उबदार ठेवणारी गॅसची फर्नेस बसवायला जाणकार माणूस आला की तो दोन दाब मोजतो. पहिला गॅसच्या नळीतला. तो पाण्याच्या उंचीत सांगायची तिकडे रीत आहे: सात इंच, म्हणजे सुमारे १७८ मिलिमीटर. दुसरी मोजायची ती चिमणीतली ओढ. पंखा नसलेल्या जुन्या धाटणीच्या उपकरणाच्या डोक्यापाशी ही ओढ दोन ते पाच पास्कल भरते. पाण्याच्या उंचीत सांगायचं तर फार फार तर अर्धा मिलिमीटर. जळण घरात आणणारा जोर हा धूर घराबाहेर नेणाऱ्या जोराच्या साडेतीनशे पट, कधी त्याहूनही जास्त. गॅसला मागून रेटणारी अख्खी यंत्रणा गावभर पसरलेली असते. धुराला कोणी रेटत नाही. तो स्वतःच्या उष्णतेवर वर चढतो, आणि ती वाटेत संपली तर जिथे संपली तिथेच घुटमळतो.

फर्नेसच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गळती येते. सांध्यावर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे येतात का पाहायचं, वास येतो का हुंगायचं. हे सगळं करायलाच हवं. पण गळका गॅस निदान ओरडतो तरी. त्याला मुद्दाम घातलेला वास असतो, आणि नाक असलेला माणूस दार उघडून बाहेर पळतो. तो वासही गॅसबरोबर जळून जातो, हे सहसा लक्षात येत नाही. घरात उलटा आलेला धूर डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. त्यात कार्बन मोनॉक्साइड असेल तर माणसाला नुसतं डोकं जड झाल्यासारखं वाटतं, मळमळतं, आणि सर्दी-तापाची साथ आहे म्हणून तो त्याच घरात पांघरूण घेऊन झोपतो. म्हणून मी फर्नेसकडे पाहताना गॅसच्या नळीपासून सुरुवात करत नाही. धुराच्या टोकापासून करतो.

हा धूर आहे तरी काय? लाकडाचा धूर डोळ्यांत जातो, गॅसचा जात नाही, त्यामुळे त्याला धूर म्हणावं की नाही असाही कुणी वाद घालेल. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. एक घनफूट मिथेन पुरता जाळायला साधारण दहा घनफूट हवा लागते. त्यातून निघतो कार्बन डायऑक्साइड, आणि पाणी. पाणी किती, हे आकड्यात मांडलं की माणसं चमकतात. तासाला १ लाख बीटीयू (तिकडचं उष्णतेचं माप) जाळणारी, म्हणजे तिकडच्या मध्यम घरातली फर्नेस तासभर सलग चालली तर १०० घनफूट गॅस खाते, किमान हजार घनफूट हवा ओढते, आणि चार लिटरच्या वर पाणी वाफेच्या रूपाने चिमणीत सोडते. थोडक्यात, आपण चिमणीतून पाणी वर चढवत असतो. ते गरम आहे तोवर वाफ, गार झालं की थेंब. नैसर्गिक वायूच्या धुरात हा पालट साधारण ५५ अंश सेल्सियसच्या आसपास होतो. पुढच्या सगळ्या गोष्टी या एका आकड्याभोवती फिरतात.

आपल्याकडे न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा. त्याच्या मधोमध नळकांडं, खाली जाळी, वर धुराचं तोंड, आणि नळकांड्याभोवती पाणी. पेटवणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असत: खालची जाळी राखेने बुजली की बंब धुपतो, आणि थंडगार बंब पहिल्यांदा पेटवताना धूर वर न जाता खोलीत पसरतो. नळकांडं तापलं की मग ओढ लागते आणि जाळ सरळ होतो. फर्नेसच्या चिमणीचं शास्त्र याहून वेगळं नाही. गरम धूर हलका, बाहेरची गार हवा जड. चिमणीतला हलका खांब आणि बाहेरचा जड खांब यांच्या वजनातला फरक म्हणजे ओढ. चिमणी जितकी उंच आणि धूर जितका गरम, तितकी ओढ जास्त. बाहेर हिवाळा असेल तर फरक मोठा, उन्हाळा असेल तर नाममात्र.

आता असं बघा. १९५०-६०च्या काळातली फर्नेस गॅसमधल्या उष्णतेपैकी साठ-पासष्ट टक्के घराला देई आणि उरलेली चिमणीतून जाई. चिमणीत शिरताना धुराचं तापमान अडीचशे-तीनशे अंश. १९७३च्या तेलसंकटानंतर या उधळपट्टीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. पस्तीस टक्के वाया! हिशेबाच्या वहीत ते वायाच होतं. पण धुराच्या बाजूने पाहिलं तर ती त्याची शिदोरी होती. तेवढ्यावर तो वीस-पंचवीस फूट विटांची गार चिमणी चढून जात होता, चार लिटर पाणी वाफेच्या रूपात सांभाळत छपराबाहेर नेऊन सोडत होता, आणि वाटेत वॉटर हीटरचा धूरही बरोबर घेत होता. ही मजुरी कुणी कधी मांडली नव्हती, कारण ती आपोआप दिली जात होती.

अमेरिकेत १९८७ साली कायदा झाला आणि १९९२ पासून फर्नेसच्या वार्षिक कार्यक्षमतेला ७८ टक्क्यांची किमान मर्यादा आली. २०१५ पासून ती ८० आहे, आणि डिसेंबर २०२८ पासून ९५ करण्याचा नियम २०२३ मध्ये जाहीर झाला. कॅनडात २००९च्या शेवटी किमान नव्वदची अट आली. कागदावर ७८ वरून ८०, मग ९०, ९५ असा सरळ चढता जिना दिसतो. धुराच्या दृष्टीने तो जिना नाही. मध्ये एक दरी आहे.

८० टक्क्यांपर्यंत धुरात अजून दीडशे अंशांच्या पुढेमागे उष्णता उरते. चिमणीला अस्तर घातलं, जोडनळी आखूड ठेवली, दुपदरी पत्र्याची नळी वापरली की तो वर चढतो. दर फुटाला निदान पाव इंच चढ द्यायचा, म्हणजे वाटेत तो कुठे रेंगाळणार नाही. अशा फर्नेसमध्ये एक छोटा पंखाही असतो. पंखा आहे म्हणजे आता धुराला ढकलणारा मिळाला, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. तो पंखा धूर फर्नेसच्या आतल्या अरुंद नळ्यांतून ओढून जोडनळीच्या तोंडाशी आणून सोडतो. पुढची चिमणी धुराला आपल्या शिदोरीवरच चढायची असते. हा गैरसमज मी तरबेज कारागिरांतही पाहिला आहे.

८३ टक्क्यांच्या आसपास मात्र कड येते. तिथे धुरातली उष्णता इतकी काढून घेतलेली असते की चिमणीत चार हात जाण्याआधीच वाफेचे थेंब होतात. ते साधं पाणी नसतं, आम्ल असतं. विटांमधला चुना खातं, पत्रा कुजवतं, आणि खाली ओघळून फर्नेसमध्येच परत येतं. या कडेवर उभी राहतील अशी यंत्रं १९८०च्या दशकाच्या शेवटी बाजारात आली. धूर चिमणीवाचून आडव्या प्लॅस्टिकच्या नळीने भिंतीतून बाहेर काढायचा, अशी त्यांची कल्पना. विशिष्ट उच्च-तापमानाच्या प्लॅस्टिकच्या त्या नळ्यांना तडे गेले, सांधे सुटले, आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाला आणि उत्पादकांना मिळून अडीच लाखांच्या घरात नळीसंच बदलून देण्याची मोहीम काढावी लागली. त्या धुरात ना चढायला पुरेशी उष्णता होती, ना प्लॅस्टिकला सोसेल इतका गारवा. अर्ध्या शिदोरीवर कुणालाही लांबच्या प्रवासाला पाठवू नये, तर इथे यंत्रांच्या पिढीलाच पाठवलं.

दरीपलीकडच्या काठावर नव्वदच्या वरची फर्नेस आहे. तिने शिदोरी ठेवायचीच नाही असं ठरवलं. दुसऱ्या एका उष्णता-विनिमयकातून धूर नेऊन तो चाळीस-पन्नास अंशांपर्यंत गार करायचा, वाफेचं बरंचसं पाणी फर्नेसमध्येच पाडायचं, त्या पाण्याने सोडलेली उष्णताही घराला द्यायची. उरतो तो कोमट, ओला, आळशी धूर. तो स्वतःहून कुठेही जाणार नाही. म्हणून त्याला पंख्याने थेट बाहेरच्या तोंडापर्यंत रेटायचं, आणि रेटलेला धूर सांध्यांतून बाहेर येऊ नये म्हणून नळीचा प्रत्येक जोड हवाबंद करायचा. गार असल्यामुळे साधी पीव्हीसी किंवा पॉलिप्रॉपिलीनची नळी चालते. जुन्या चिमणीत उणा दाब असे. एखादी फट असली तर घरातली हवा आत ओढली जाई. नव्या नळीत अधिक दाब आहे. फट असली तर धूर घरात येईल. जुन्या फर्नेसची सवय झालेला कारागीर इथे हमखास चुकतो.

उताराचंही तसंच. जोडनळीचा पाव इंच जुन्या पद्धतीत चिमणीकडे चढता. नव्या पद्धतीत तोच पाव इंच, पण भिंतीकडून फर्नेसकडे उतरता, कारण आता नळीत पाणी आहे आणि ते परत येऊन निचऱ्याच्या नळीला मिळायला हवं. मधे कुठे पट्टी सुटून नळी लोंबली तर त्या पोटात पाणी साठतं, धुराची वाट अर्धी बुजते, आणि जानेवारीच्या पहाटे फर्नेस बंद पडते. तळघराच्या छताला लटकवलेल्या नळीला चार-पाच फुटांवर आधार आहे की नाही, हे पाहणं एवढं कंटाळवाणं काम आहे की ते कुणी करत नाही.

ही फर्नेस चालू होताना पाहण्यासारखी असते. वर खोलीत थर्मोस्टॅटने हाक दिली की जाळ लगेच पेटत नाही. आधी धुराचा छोटा पंखा फिरू लागतो. त्याच्या घरापासून एक रबरी नळी, पेन्सिलीपेक्षा बारीक, एका चपट्या गोल डबीकडे जाते. हा प्रेशर स्विच. आत पातळ पडदा असतो. पंख्याने पुरेशी ओढ निर्माण केली तर पडदा सरकतो, टक असा बारीक आवाज होतो आणि विजेचा जोड जुळतो. त्यानंतर पेटवणारी कांडी लाल होते, मग गॅसची झडप उघडते, मग ज्योत. बाहेर पक्ष्याने घरटं केलं असेल, बर्फ साचला असेल, नळीत पाणी तुंबलं असेल तर पडदा सरकत नाही आणि गॅस येतच नाही. धुराची वाट मोकळी असल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय जाळाला परवानगी नाही, हा क्रम या यंत्रातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. आणि थंडीत फर्नेस अडली की ‘स्विच खराब झालाय’ म्हणत त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून देणारे महाभागही असतात. स्विच क्वचितच खराब असतो. तो खरं बोलत असतो.

इथवर फर्नेसचं. पण तळघरात तिच्या शेजारी आणखी एक उपकरण उभं असतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ त्याच्याबाबत होतो. ते म्हणजे वॉटर हीटर. पन्नास गॅलनची उभी टाकी, खाली बर्नर, आणि डोक्यावर तीन-चार बारीक पायांवर उभी पत्र्याची उपडी टोपी. टोपीच्या आणि टाकीच्या मधे मुद्दाम फट ठेवलेली असते, तिच्यातून घरातली हवाही धुराबरोबर वर जाते. या टोपीला ड्राफ्ट हूड म्हणतात. इतकी वर्षं फर्नेस आणि हीटर एकाच चिमणीत धूर सोडत होते. फर्नेसचा धूर चिमणी तापवून ठेवी, हीटरचा किरकोळ धूर त्या उबेत चढून जाई. आता मालकाने ९६ टक्क्यांची फर्नेस घेतली. तिची नळी भिंतीतून बाहेर गेली. विजयी मुद्रेने कंत्राटदार निघून गेला. उरली एक प्रशस्त, विटांची, बाहेरच्या भिंतीला लागून असलेली बर्फगार चिमणी, आणि तिच्यात एकटा हीटर. तिकडच्या कारागिरांत अशा हीटरला ‘पोरका’ म्हणायची पद्धत आहे.

अमेरिकेतली गॅसची संहिता याबद्दल सरळ सांगते: ड्राफ्ट हूडचं एकच उपकरण चिमणीला जोडलेलं असेल तर चिमणीचं आतलं क्षेत्रफळ हूडच्या तोंडाच्या सात पटींपेक्षा जास्त नसावं. चार इंचांच्या नळीला आठ बाय बाराची चिमणी म्हणजे साडेसात पट. वर ती बाहेरच्या भिंतीची, म्हणजे आणखी गार. उपाय आहेत. चिमणीतून हीटरच्या मापाची धातूची नळी सोडायची, किंवा हीटरही पंख्याचा घ्यायचा. खर्च होतो, म्हणून फर्नेसच्या अंदाजपत्रकात ही ओळ नसते. नवी फर्नेस घेताना मराठी मित्र मला ‘कुठल्या कंपनीची घेऊ’ असं विचारतात. मी विचारतो, हीटरचं काय करणार? बहुतेकदा पलीकडे शांतता.

उलटा धूर दिसत नसला तरी खुणा सोडतो. हीटरच्या माथ्यावर गरम आणि गार पाण्याच्या नळ्या शिरतात, तिथे लाल-निळ्या प्लॅस्टिकच्या चकत्या असतात. कडा वितळून त्या मेणासारख्या ओघळलेल्या दिसल्या तर समजावं, ड्राफ्ट हूडमधून धूर वर न जाता आजूबाजूला सांडतो आहे. टोपीखाली टाकीच्या पत्र्यावर गंजाची कडी, शेजारच्या खिडकीवर हिवाळ्यात सतत पाणी, याही त्याच खुणा. आणि एक चाचणी उदबत्तीची. घराची सगळी दारं-खिडक्या बंद करायची, मोरीतले पंखे, कपडे वाळवायचं यंत्र, स्वयंपाकघरातला हूड असं सगळं चालू करायचं. मग गरम पाण्याचा नळ सोडून हीटर पेटू द्यायचा आणि पाचेक मिनिटं थांबायचं. चिमणी तापायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. मग टोपीच्या कडेला उदबत्ती धरायची. धूर टोपीत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला गेला तर हीटर बंद करून परवानाधारक माणसाला बोलवायचं. ही चाचणी जानेवारीत उत्तीर्ण होणारी चिमणी जुलैत नापास होऊ शकते, कारण आत-बाहेरच्या तापमानातला फरकच उरत नाही. हीटर मात्र बारा महिने चालतो.

सगळे पंखे का चालू करायचे? कारण घरातली हवा एकच आहे आणि सगळे तिच्यावर टपलेले आहेत. कपडे वाळवायचं यंत्र मिनिटाला दीडशे-दोनशे घनफूट हवा बाहेर फेकतं. आपल्या मंडळींच्या स्वयंपाकघरात फोडणीचा ठसका घरभर जाऊ नये म्हणून मोठ्यात मोठा हूड बसवायची हौस असते. हजार घनफुटांचे हूड सर्रास मिळतात. फर्नेसला तासभरात लागणारी किमान हवा हा पंखा एका मिनिटात घराबाहेर टाकतो. तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी. जुन्या घराला फटी असत, नव्या घराच्या खिडक्या घट्ट. मग ती सगळ्यात सोप्या भोकातून येते, आणि सगळ्यात सोपं भोक म्हणजे चिमणी. पाच पास्कलची ओढ होती ना? पंख्याने घरात सहा पास्कलची तूट केली की चिमणी उलटी वाहू लागते. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या संहितेत २००९ पासून चारशे घनफुटांवरच्या हूडला बदली हवेची सोय करण्याची अट आहे, ती याचसाठी. मिरच्यांच्या फोडणीचा आणि तळघरातल्या हीटरचा असा संबंध असेल हे आपल्या डोक्यात येत नाही.

उलटी आलेली हवा नुसता धूर घरात पसरवून थांबत नाही. तो धूर खाली उतरून परत ज्योतीच्या तोंडाशी जातो. ज्योतीला ताज्या हवेऐवजी स्वतःचाच उष्टा धूर मिळतो, प्राणवायू कमी पडतो, मिथेन अर्धवट जळतो. कार्बन मोनॉक्साइड जन्मतो तो इथे. नीट जळणाऱ्या बर्नरच्या धुरात तो फारसा नसतोच. म्हणजे वाट बिघडली म्हणून जाळ बिघडतो, आणि जाळ बिघडला म्हणून वाटेवरून विष येतं.

हवेच्या बाबतीत संहितेचा ढोबळ हिशेब असा: जिथून उपकरणं हवा घेतात त्या जागेचं घनफळ दर हजार बीटीयूमागे ५० घनफूट असावं. १ लाखाच्या फर्नेसला पाच हजार घनफूट, म्हणजे आठ फुटी छताची सव्वासहाशे चौरस फुटांची मोकळी जागा. तळघर मोकळं असताना ती असते. मग मुलं मोठी होतात, तळघरात टीव्हीची खोली निघते, पाहुण्यांची खोली निघते, आणि ‘ते कुरूप यंत्र’ एका कपाटाएवढ्या खोलीत दार लावून कोंडलं जातं. अशा खोलीला एक जाळी छतालगत आणि एक जमिनीलगत, दर हजार बीटीयूला एक चौरस इंच या मापाने लागते. सुतार ती ठेवत नाही, कारण त्याला कुणी सांगत नाही. नव्वदच्या वरची फर्नेस दोन नळ्यांची बसवली, एकीने बाहेरून हवा आत आणि दुसरीने धूर बाहेर, तर हा प्रश्न तिच्यापुरता मिटतो. पैसे वाचवायला एकच नळी टाकणारे कंत्राटदार हा फायदाच सोडून देतात.

बाहेरचं टोक राहिलं. चिमणी छपरावर होती तेव्हा तिच्या तोंडाशी फक्त पक्षी पोचत. आता धुराचं तोंड भिंतीत, कमरेएवढ्या उंचीवर आलं. तिथे बर्फ पोचतो, खिडक्या असतात, शेजारची झुडपं असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावी जानेवारी २००५च्या हिमवादळात बाहेरचं तोंड बर्फाने बुजलं आणि सात वर्षांची एक मुलगी गेली. तिच्या नावाने झालेला निकोलचा कायदा मार्च २००६ पासून त्या राज्यात लागू आहे, आणि जळण वापरणाऱ्या घरांना कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा सक्तीचा झाला. बाजूच्या भिंतीतून धूर सोडणाऱ्या घरांवर त्या राज्यात आठ फूट उंचीवर पाटीही लावावी लागते: खाली गॅसच्या धुराचं तोंड आहे, ते मोकळं ठेवा. पाटी वर का, तर बर्फ खालची जागा झाकून टाकतो तेव्हा फावडं घेतलेल्या माणसाला कुठे उकरायचं ते कळावं. त्याआधी, सप्टेंबर १९९४ मध्ये टेनिसपटू व्हिटास गेरुलायटिस लाँग आयलंडवर मित्राकडच्या कॉटेजमध्ये झोपेतच गेला. वय चाळीस. तरणतलावाचं पाणी तापवणाऱ्या हीटरचा धूर नीट बाहेर न जाता कॉटेजच्या हवेत शिरला होता.

भोंगा हवाच. प्रत्येक मजल्यावर, झोपण्याच्या खोल्यांबाहेर. पण तो काय करतो आणि काय नाही हे ठाऊक असावं. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे ७० पीपीएम असताना तो एक ते चार तासांच्या दरम्यान वाजतो, ४०० असताना चार ते पंधरा मिनिटांत. त्याखाली, तीस-चाळीसवर, तो दिवसभर गप्प राहू शकतो. तो जीव वाचवण्यासाठी आहे, नळी बरोबर बसली आहे याचं प्रमाणपत्र म्हणून नाही.

फर्नेस महाराष्ट्रात नाही, पण धूर आहे. पुण्या-मुंबईच्या न्हाणीघरात पाच-सहा लिटरचा गॅस गीझर भिंतीला टांगलेला असतो, आणि त्यातल्या पुष्कळांना धुराची नळीच नसते. धूर न्हाणीघरातच सोडायचा असा त्यांचा सरळ बेत. पूर्ण जोरात तो तासाला एक किलोच्या जवळपास एलपीजी जाळतो आणि बारा घनमीटरच्या आसपास हवा मागतो. चार बाय सातची मोरी, आठ फुटी छत, म्हणजे सहा-सव्वासहा घनमीटर हवा. डिसेंबरात गार वारा नको म्हणून झरोक्याची काच लावून पंधरा मिनिटांची आंघोळ केली की निम्म्या खोलीएवढी हवा जाळात गेलेली असते, आणि तेवढाच धूर आत आलेला. आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलं नाही, दार तोडावं लागलं, ही बातमी दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या शहरातून येते. गीझर मोरीबाहेर, हवेशीर ड्राय बाल्कनीत लावायचा आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत आणायची, हा उपाय साधा आहे. प्लंबर दोन-तीन मीटर जादा पाइप लागेल म्हणून कुरकुरतो, तेवढंच.

जागा नाही म्हणून काहीजण धुराची नळी असलेला गीझर मोरीतच बसवतात आणि नळी झरोक्यातून बाहेर काढतात. त्याच झरोक्यात बिल्डरने आधीच एक्झॉस्ट फॅन दिलेला असतो. पंखा चालू, दार घट्ट, खाली हवा यायला फट नाही: मग पंख्याला हवी ती हवा गीझरच्या नळीतूनच आत येते, धुराला घेऊन. तिथे नळीवाला गीझर लावायचाच असेल तर दाराच्या तळाशी जाळी ठेवावी लागेल, पंखा आणि नळी एकमेकांपासून दूर न्यावी लागतील, आणि गीझर पेटलेला असताना पंखा बंद ठेवावा लागेल. घरातल्या आजोबांना रोज सकाळी हे लक्षात ठेवायला सांगण्यापेक्षा ड्राय बाल्कनीपर्यंतचा जादा पाइप स्वस्त पडतो.